चौदा ते अठरा : खेळाडू मुलांच्या हक्कांतील मोकळी जागा

नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दा शहरात आयपीएल क्रिकेटच्या खेळाडूंचा लिलाव झाला. त्यात बिहारमधील समस्तीपूरच्या वैभव सूर्यवंशी या मुलाला राजस्थान रॉयल्स संघाने १ कोटी १० लाख रुपयांना आपल्याकडे घेतले. त्या दिवशी त्याचे वय तेरा वर्षे आठ महिने होते. पाच महिन्यांनी, २८ एप्रिल २०२५ रोजी, जयपूरच्या मैदानावर त्याने अवघ्या ३५ चेंडूंत शतक झळकावले आणि साऱ्या देशाने त्याला डोक्यावर घेतले. कौतुक रास्तच होते. त्या गजरात एक साधा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. ज्या मुलाला कायद्यानुसार हप्त्यावर सायकल घेण्याचा करारसुद्धा स्वतःच्या नावे करता येत नाही, त्याच्या कोटी रुपयांच्या करारावर सही कोणाची असते? आणि तो पैसा कोणाच्या हवाली होतो?

हा प्रश्न त्या कुटुंबाविषयी शंका घेण्यासाठी नाही. मुलाच्या खेळासाठी त्या आईवडिलांनी काय खस्ता खाल्ल्या हे सर्वश्रुत आहे. प्रश्न आहे तो कायद्याचा, आणि कायद्याविषयीच्या आपल्या अज्ञानाचा. आपल्या धर्मग्रामांतही पहाटे साडेचारला उठून मुलाला लोकलने मुंबईच्या मैदानावर नेणारे वडील आहेत, फुटबॉल अकादमीचे शुल्क भरण्यासाठी दागिने गहाण ठेवणाऱ्या आया आहेत. त्यांच्यासमोर जेव्हा छापील कागद ठेवला जातो, तेव्हा त्यावर काय लिहिले आहे हे वाचणारे किती?

आपल्या देशात १८७२ चा करार कायदा आणि १८७५ चा सज्ञानता कायदा असे सांगतात की, अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत कोणीही करार करण्यास पात्र नाही. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या कलकत्त्याच्या खटल्यात निर्णय दिला की, अज्ञानाने केलेला करार मुळापासूनच शून्य असतो. येथे ‘अज्ञान’ हा शब्द कायद्याच्या अर्थाने, म्हणजे अल्पवयीन या अर्थाने घ्यावयाचा. हा नियम मुलांच्या रक्षणासाठी आहे हे उघड आहे. धूर्त माणसाने चौदा वर्षांच्या पोराकडून दहा वर्षांचा करार लिहून घेतला, तरी न्यायालयात तो टिकत नाही.

परंतु ही ढाल दोन्ही बाजूंनी लागते. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेले १९४० च्या दशकातील एक प्रकरण पाहण्याजोगे आहे. राजराणी नावाच्या एका अल्पवयीन मुलीला चित्रपटात भूमिका देण्याचा करार निर्माते प्रेम अदीब यांनी तिच्या वडिलांशी केला होता. पुढे ती भूमिका दुसऱ्या कलावतीला देण्यात आली आणि करार मोडला. मुलीने दाद मागितली. न्यायालयाने म्हटले की, करार मुलीशी झाला असे मानले तर ती अज्ञान असल्याने तो शून्य ठरतो आणि वडिलांशी झाला असे मानले तर वडिलांनी स्वतः काही द्यायचे कबूल केलेले नाही, म्हणजे मोबदल्याअभावी तोही शून्य ठरतो. मुलीच्या हाती काही लागले नाही. मुलाने आपल्या बाजूचे काम पूर्ण केलेले असेल, तर त्याचा मोबदला मागता येतो असे न्यायालयांनी मानलेले आहे. पण पुढील वर्षांसाठी दिलेल्या आश्वासनाच्या बळावर ज्याने शाळा सोडली, त्याला हे उत्तर फारसे उपयोगाचे नाही. अकादमीचे लोक ‘तीन वर्षांचे सर्व आम्ही पाहू’ असे सांगतात, तेव्हा त्या वाक्याची किंमत एवढीच असू शकते.

दुसरा कायदा बालकामगारांचा. १९८६ च्या या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली. त्यात कलावंत मुलांसाठी सवलत ठेवण्यात आली व ‘कलावंत’ या शब्दाच्या व्याख्येत अभिनेता व गायक यांच्याबरोबर खेळाडूही आला. सवलतीसोबत २०१७ मध्ये नियम आले. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, मुलाची शाळा खंडित होऊ द्यायची नाही, त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला उभे करायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलाच्या कमाईपैकी किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा करायची. ती त्याला सज्ञान झाल्यावरच मिळते. आई, वडील, काका, प्रशिक्षक, कोणीही तिला हात लावू शकत नाही.

हा नियम उत्तम आहे, पण तो चौदाव्या वाढदिवसाला संपतो. चौदा ते अठरा वयाच्या मुलाला कायदा ‘किशोरवयीन’ म्हणतो आणि त्याला केवळ खाणी, स्फोटके व इतर धोकादायक कामांपासून दूर ठेवतो. मुदत ठेवीचा नियम त्याला लागू नाही. सूर्यवंशीचे उदाहरण येथे बोलके आहे. बोली लागली तेव्हा तो तेरा वर्षांचा, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बालक होता; मैदानात उतरला तेव्हा चौदा पूर्ण झाले होते. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी पंधरा वर्षांची किमान वयोमर्यादा घातली, ती आयपीएलसारख्या देशांतर्गत स्पर्धेला लागत नाही. शिक्षण हक्क कायदाही सहा ते चौदा वयापुरताच आहे. म्हणजे मोफत शिक्षणाची हमी आणि कमाईचे रक्षण, दोन्ही एकाच वयात थांबतात. वसतिगृहाची अकादमी, जिल्हा संघ, पहिली शिष्यवृत्ती, पहिला प्रायोजक हे सारे त्याच वयात दारात येतात. करार करायला तो अजून चार वर्षे लहान आणि संरक्षण मिळायला मात्र मोठा! या चार वर्षांच्या मोकळ्या जागेतच खेळाडू मुलांचे बरेचसे नुकसान होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कमाईतील वीस टक्क्यांचा नियम अठरा वर्षांपर्यंत वाढवण्यास कोणाचाही तात्त्विक विरोध असण्याचे कारण नाही. ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींपर्यंत गेली पाहिजे. तोवर कोणत्याही पालकाला आपण होऊन ते करता येते. अल्पवयीनाच्या नावे बँकेत ठेव ठेवण्यास कोणाची आडकाठी नाही.

ख्रिस्ती कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे, तसा स्वतंत्र कायदा आपल्यासाठी नाही. आपल्याला १८९० चा पालक व पाल्य अधिनियम लागू होतो. त्या कायद्यानुसार पालकाचे पाल्याशी नाते विश्वस्ताचे असते. पालकपदातून स्वतःचा लाभ करून घेण्यास त्याला मनाई आहे आणि पाल्याची मालमत्ता सामान्य शहाण्या माणसाने स्वतःची सांभाळावी तशी सांभाळण्याचे बंधन आहे. मुलाच्या बक्षिसाच्या रकमेतून घराला दुसरा मजला चढतो, तेव्हा त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. घर सर्वांचेच असते. तरीही तो पैसा कोणाचा होता, याची नोंद कोठेतरी हवी.

जेथे करारही नसतो आणि पैसाही फार नसतो, तेथे काय घडते हे ओडिशातील बुधिया सिंगच्या कहाणीने वीस वर्षांपूर्वी दाखवून दिले. २ मे २००६ रोजी हा चार वर्षांचा मुलगा पुरी ते भुवनेश्वर असे सुमारे ६५ किलोमीटर अंतर सात तासांत धावला. रस्त्याच्या दुतर्फा गर्दी होती, कॅमेरे होते, टाळ्या होत्या. त्याचे प्रशिक्षक बिरंची दास यांनी झोपडपट्टीतल्या या मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले होते. त्यांना तो देशाचा भावी ऑलिम्पिकवीर वाटत होता. वैद्यकीय तपासणीनंतर राज्य शासनाने त्याच्या लांब पल्ल्याच्या धावण्यावर बंदी घातली. पुढे त्याला भुवनेश्वरच्या क्रीडा वसतिगृहात ठेवण्यात आले आणि २००८ मध्ये दास यांची हत्या झाली. शासनाने बंदी घातली तेव्हा अनेकांनी टीका केली की, एका गरीब मुलाचे स्वप्न सरकारने मोडले. या वादात आई होती, प्रशिक्षक होता, शासन होते, वृत्तवाहिन्या होत्या. चार वर्षांच्या मुलाच्या वतीने, केवळ त्याच्याच हिताचे बोलण्यासाठी नेमलेले असे कोणी त्या गर्दीत दिसत नव्हते. पुढे तो मोठ्या स्पर्धांत चमकला नाही, आणि कॅमेरे केव्हाच निघून गेले होते.

व्हॅटिकनने जून २०१८ मध्ये क्रीडाविषयक एक स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. खेळात स्वतःतील सर्वोत्तम ते द्यावे, हे त्याचे सूत्र. पदके, विक्रम आणि पैसा मिळवण्याचे साधन म्हणून मुलांना वागवण्याच्या प्रवृत्तीवर त्यात स्पष्ट बोट ठेवलेले आहे. आपल्याकडे या दस्तऐवजाची चर्चा फारशी झाली नाही. क्रीडादिनाच्या भाषणात वापरण्याजोगी वाक्ये त्यात कमी आहेत, हे कदाचित एक कारण असेल.

आता शिक्षणाविषयी. खेळाडू मुलाचे शिक्षण म्हणजे खेळ फसला तर असावा म्हणून काढलेला विमा, अशी आपली समजूत आहे. ती अपुरी आहे. ज्याला कागद वाचता येतो, हिशेब कळतो, ‘हे मला मान्य नाही’ असे नीट शब्दांत सांगता येते, त्या खेळाडूची फसवणूक करणे अवघड जाते. म्हणून शिक्षण हा खेळातीलच बचाव आहे. २०१८ साली नेमबाज अनिश भानवाला पंधराव्या वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेसाठी ऑस्ट्रेलियाला गेला, तेव्हा त्याची दहावीची परीक्षा आडवी आली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याचे राहिलेले पेपर नंतर घेण्याचे मान्य केले. तो सुवर्णपदक घेऊन परतला आणि परीक्षेलाही बसला. तेव्हापासून राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धेत असलेल्या मुलांसाठी त्या मंडळाने अशी सोय ठेवली आहे. मागितले म्हणून मिळाले, हे त्यातील मर्म. आपल्या शाळांत मात्र आंतरशालेय ढाल जिंकेपर्यंत मुलाची अनुपस्थिती कोणाला खटकत नाही. ढाल मुख्याध्यापकांच्या कपाटात गेली की हजेरीपट निघतो. जी शाळा मुलाला महिनाभर सामन्यांसाठी वर्गाबाहेर ठेवते, तिने तो महिना भरून काढणारे जादा तास घेतलेच पाहिजेत. पालकांनी ते लेखी मागावेत. मुक्त विद्यालयाचा मार्गही आहे, पण तो विचारपूर्वक निवडायचा आहे. प्रशिक्षकाच्या सोयीसाठी नव्हे.

सुरक्षिततेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि त्याबद्दल बोलणे आपण सर्वांत जास्त टाळतो. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला जानेवारी २०१८ मध्ये शिक्षा झाली, तेव्हा दीडशेहून अधिक मुली व स्त्रिया न्यायालयात आपली कहाणी सांगण्यासाठी उभ्या राहिल्या. त्यांच्यापैकी काहींवर अत्याचार झाला तेव्हा आई किंवा वडील त्याच खोलीत बसलेले होते. उपचार चालू आहेत, एवढेच त्यांना दिसत होते. अनेक मुलींनी वर्षानुवर्षांपूर्वी तक्रार केली होती. मोठ्यांनी ती मनावर घेतली नाही. त्यानंतर तेथे आलेल्या कायद्याने व नियमांनी एक साधी शिस्त घातली: प्रशिक्षक आणि अल्पवयीन खेळाडू यांची भेट दुसऱ्या प्रौढाच्या नजरेआड होऊ नये. या शिस्तीला पैसा लागत नाही. उघडे दार आणि दुसरा माणूस, एवढेच लागते.

आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. तो अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, लागू होतो. अत्याचाराची माहिती असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. न कळवणे हाच गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवल्यास शिक्षा अधिक आहे. शैक्षणिक वा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा सेवेतील व्यक्तीने केलेला अत्याचार हा कायदा अधिक गंभीर मानतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, अधिकारी गणवेशात नसावा, मुलाची ओळख प्रसिद्ध होता कामा नये. धर्मग्रामाच्या मैदानावर भरणारी शिबिरे, युवक मंडळांच्या स्पर्धा, चर्चच्या आवारातील बास्केटबॉलचा सराव, या सर्वांना हे लागू आहे. ‘आपसात मिटवू’ हा मार्ग कायद्याने बंद केलेला आहे, आणि ते योग्यच झाले. आपल्या ख्रिस्तसभेने जगभर या बाबतीत फार मोठी किंमत मोजली आहे. ती आपल्या पोराबाळांनी पुन्हा मोजू नये. मुलांना १०९८ हा मदत क्रमांक तोंडपाठ हवा, जसा त्यांना ऑफसाइडचा नियम तोंडपाठ असतो.

२०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात तर ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम व सरावाची जागा यांचा नावानिशी उल्लेख आहे. असे असूनही २०२३ मध्ये महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा कित्येक राष्ट्रीय महासंघांत नियमानुसार तक्रार समितीच नव्हती हे उघडकीस आले आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला नोटिसा काढाव्या लागल्या. दहा वर्षे कायदा होता, समिती नव्हती.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. राष्ट्रीय क्रीडा मंडळ, क्रीडा न्यायाधिकरण, महासंघांत खेळाडूंच्या समित्या आणि महिला व अल्पवयीन खेळाडूंच्या रक्षणासाठी सुरक्षित क्रीडा धोरण अशी त्याची रचना आहे. हे स्वागतार्ह पाऊल आहे. तथापि या कायद्याची नजर राष्ट्रीय महासंघांकडे आहे. गल्लीतल्या अकादमीपर्यंत, भाड्याच्या टर्फवर संध्याकाळी चालणाऱ्या प्रशिक्षण वर्गापर्यंत तो आपोआप पोहोचणार नाही. तेथे प्रशिक्षकाची पात्रता कोणी तपासत नाही, पूर्वचारित्र्य विचारत नाही, मैदानावर प्रथमोपचाराची पेटी आहे की नाही हेही पाहत नाही. प्रवेश अर्जाच्या तळाशी ‘दुखापतीस संस्था जबाबदार राहणार नाही’ अशी ओळ मात्र हमखास असते. त्या एका ओळीने निष्काळजीपणाची जबाबदारी पुसली जाते असे पालकांनी समजू नये.

फुटबॉलचे वेड असलेल्या गोव्यातील व वसईतील घरांसाठी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. ‘युरोपात चाचणी मिळवून देतो’ असे सांगून पैसे मागणारे दलाल अधूनमधून भेटतात. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूचे एका देशातून दुसऱ्या देशात हस्तांतर सर्वसाधारणपणे करताच येत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने परदेशी स्थायिक झाले, हा त्यांतील एक. पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडला गेलेल्या गोवेकर कुटुंबांच्या मुलांना त्याचा लाभ होऊ शकतो, पण केवळ मुलाच्या खेळासाठी घर हलवले तर नाही. हा नियम कागदापुरता नाही. तो मोडल्याबद्दल बार्सिलोनासारख्या क्लबवर २०१४ मध्ये आणि चेल्सीवर २०१९ मध्ये नवे खेळाडू घेण्याची बंदी आली होती. अल्पवयीनाशी तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा करारही फिफा मान्य करीत नाही. एवढे ठाऊक असलेला बाप दलालाला दारातूनच परत पाठवील.

औषधांचेही तसेच. विरारचा पृथ्वी शॉ एकोणीस वर्षांचा असताना, २०१९ मध्ये, खोकल्याच्या औषधातील टर्ब्युटलीन या द्रव्यामुळे आठ महिन्यांच्या बंदीला सामोरा गेला. त्याने ते अजाणता घेतले हे क्रिकेट नियामक मंडळानेही मान्य केले होते. बंदी तरीही आली. भारतीय संघात पोहोचलेल्या खेळाडूची ही गत, तर व्यायामशाळेत मिळणारी पावडर दुधात घालून पिणाऱ्या दहावीतल्या मुलाला कोण सावध करणार? उत्तेजक चाचणीच्या वेळी अल्पवयीन खेळाडूसोबत त्याचा मोठा माणूस हजर राहू शकतो, हा हक्कही बहुतेक मुलांना माहीत नसतो.

वयाच्या दाखल्याचा विषय निघाला की आपल्या धर्मग्रामांच्या नोंदवह्या आठवतात. पूर्वी स्नानसंस्काराचा दाखला जन्मतारखेसाठी अनेक ठिकाणी चालत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय जन्म दाखला हाच अनेक कामांसाठी एकमेव पुरावा ठरला आहे. वय चोरून चौदा वर्षांखालील संघात खेळणारा सोळा वर्षांचा मुलगा कोणा प्रामाणिक मुलाची जागा घेतो, आणि पकडला गेला तर स्वतःचीही कारकीर्द गमावतो. हा निर्णय तो मुलगा घेत नाही. त्याच्या वतीने मोठी माणसे घेतात.

मे महिन्यात आपल्या मैदानांवर उन्हाळी शिबिरे भरतात. त्यांच्या प्रवेश अर्जात आज मुलाचे नाव, वय, टी-शर्टाचे माप आणि पालकाची सही एवढेच असते. त्याच कागदावर प्रशिक्षकाचे नाव व पात्रता, सोबत असणाऱ्या दुसऱ्या प्रौढाचे नाव, जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी, १०९८ हा क्रमांक आणि तक्रार कोणाकडे करावी हे छापण्यास चार ओळी पुरतील. धर्मग्राम परिषदेच्या पुढील बैठकीत हा विषय कोणीही मांडू शकेल. आपल्या धर्मग्रामांत वकिली करणाऱ्या बंधुभगिनी आहेत. शिबिराच्या पहिल्या दिवशी त्यांनी तासभर पालकांशी आणि अर्धा तास मुलांशी बोलावे. मुलांशी बोलताना पालकांनी बाहेर थांबावे.